संगणक आतल्या खोलीत, टीव्ही हॉलमध्ये

"संगणक आतल्या खोलीत आहे, टीव्ही हॉलमध्ये. मुलीच्या लग्नाचा व्हिडिओ सगळ्यांनी मिळून मोठ्या पडद्यावर बघायचाय. किती मीटरची केबल आणू?"

हा प्रश्न घरोघरी विचारला जातो आणि दुकानदार त्याचं उत्तर लगेच देतो: पंधरा मीटर, वीस मीटर. पण मीटर मोजण्याआधी एक गोष्ट ठरवावी लागते. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेमकं काय जाणार आहे? संगणकाच्या पडद्यावर दिसतं ते तयार चित्र जाऊ शकतं. किंवा डिस्कवरची व्हिडिओची फाइल जाऊ शकते आणि तिच्यातून चित्र काढण्याचं काम टीव्ही स्वतः करू शकतो. बघणाऱ्याला दोन्हींत काहीच फरक दिसत नाही. वायर, खर्च आणि कटकट यांत मात्र जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

लग्नाचा व्हिडिओ एकदाच दाखवायचा असेल, तर पेनड्राइव्ह पुरतो. टीव्हीच्या मागच्या यूएसबी खाचेत तो लावला की काम झालं. फक्त एक अडचण अनेकांना गाठते: ३२ जीबीचा कोरा पेनड्राइव्ह असूनही ५ जीबीची फाइल त्यावर चढत नाही. पेनड्राइव्ह बहुधा फॅट-३२ या जुन्या पद्धतीने आखलेला असतो आणि त्या पद्धतीत एका फाइलला ४ जीबीची मर्यादा आहे. तो एक्सफॅट पद्धतीने पुन्हा फॉरमॅट करावा. टीव्ही जुना असेल आणि त्याला एक्सफॅट कळत नसेल, तर एनटीएफएसने. फॉरमॅट केल्यावर आतलं सगळं पुसलं जातं, हे मात्र लक्षात असू द्या.

रोजच्या वापराची सोय हवी असेल, तर पुढचं सगळं वाचा.

१. चित्र केवढं आणि फाइल केवढी

फुल एचडी टीव्हीच्या पडद्यावर आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके असतात. गुणाकार केला की २०,७३,६०० ठिपके. प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगायला २४ बिट लागतात. बिट म्हणजे शून्य किंवा एक, माहितीचा सगळ्यात लहान कण. म्हणजे एका चित्राचे झाले साधारण ५ कोटी बिट. संगणक टीव्हीला सेकंदाला अशी ६० चित्रं पाठवतो. म्हणजे दर सेकंदाला ३०० कोटी बिट! टीव्ही फोर-के असेल तर ठिपके चौपट, म्हणून आकडाही चौपट: जवळपास १,२०० कोटी.

आता फाइलकडे बघू. दोन तासांचा चित्रपट डिस्कवर ४ जीबी जागा घेतो असं धरा. एका बाइटमध्ये ८ बिट, म्हणून ४ जीबी म्हणजे ३,२०० कोटी बिट. दोन तासांचे सेकंद ७,२००. भागाकार केला की सेकंदाला सुमारे ४५ लाख बिट, म्हणजे साडेचार मेगाबिट.

एकीकडे ३०० कोटी, दुसरीकडे ४५ लाख. तोच चित्रपट, पण साडेसहाशे पटींहून जास्त फरक.

हा फरक येतो कुठून? लग्नाच्या व्हिडिओत नवरा-नवरी हलतात, मागचा मंडप जागचा हलत नाही. मग प्रत्येक चित्रात मंडप पुन्हा पुन्हा कशाला साठवायचा? एकदा पूर्ण चित्र लिहायचं आणि पुढच्या चित्रांसाठी फक्त काय बदललं ते नोंदवायचं. जे हललं ते कुठून कुठे सरकलं, एवढंच सांगायचं. डोळ्याला जाणवणार नाहीत असे बारीक तपशील गाळायचे. अशा युक्त्या एकत्र करून २००३ साली एच.२६४ ही पद्धत ठरली. त्यानंतर २०१३ साली एच.२६५ आणि २०१८ साली एव्ही-१ या आणखी घट्ट बांधणाऱ्या पद्धती आल्या. आपल्याकडच्या बहुतेक फाइली यांपैकी एका पद्धतीने बांधलेल्या असतात.

पापडांचा विचार करा. वाळवलेल्या शंभर पापडांची चवड एका डब्यात मावते आणि एसटीतून गावाला धडपणे पोचते. तेच पापड तळले की पोतं लागतं आणि वाटेत त्यांचा चुरा होतो. फाइल म्हणजे वाळवलेले पापड आणि पडद्यावरचं तयार चित्र म्हणजे तळलेले. जिथे खायचे आहेत तिथे कढई असेल, तर इकडे तळून पाठवण्यात काय अर्थ? आजच्या स्मार्ट टीव्हीत ही कढई असते: बांधलेला व्हिडिओ उलगडणारी चिप. साध्या टीव्हीला छोटा स्ट्रीमिंग डोंगल लावला की त्यालाही ती मिळते.

म्हणून माझं ठाम मत असं आहे: चित्रपट, गाणी, फोटो, घरचे व्हिडिओ यांच्यासाठी फाइल पाठवा. संगणकावर चालू असलेलं कामच मोठ्या पडद्यावर हवं असेल, म्हणजे गेम, हिशेबाची शीट, ऑनलाइन वर्ग, तेव्हाच तयार चित्र पाठवायच्या भानगडीत पडा.

२. तयार चित्र न्यायचं असेल तर

तयार चित्र नेणारी वायर म्हणजे एचडीएमआय. २००२ च्या डिसेंबरात तिची पहिली आवृत्ती आली. त्याआधी पिवळी-लाल-पांढरी अशी तीन तोंडांची वायर असायची किंवा निळ्या तोंडाची व्हीजीए. व्हीजीएतून तर आवाजही जात नसे. एचडीएमआयच्या १९ पिनांमधून चित्र आणि आवाज दोन्ही जातात.

दोन मीटरच्या वायरीत सगळं सुरळीत चालतं. पण तांब्याच्या तारेतून सेकंदाला शेकडो कोटी बिट ढकलताना लांबी वाढेल तसा संकेत क्षीण होत जातो. एचडीएमआयच्या नियमावलीत लांबीची मर्यादा दिलेली नाही. संकेत शेवटपर्यंत धड पोचला पाहिजे, एवढीच अट आहे. व्यवहारात फुल एचडीसाठी १० मीटरपर्यंत चांगली वायर चालते, कधी १५ पर्यंतही. फोर-के ६० चित्रांनी हवं असेल, तर ५ मीटरच्या पुढे साध्या तांब्याच्या वायरीवर भरवसा ठेवू नये. संकेत कमी पडला की चित्र हळूहळू फिकट होत नाही. पडद्यावर पांढरे ठिपके चमकू लागतात, मध्येच पडदा काळा होतो आणि मग 'नो सिग्नल'.

इथे मोजमापात फसगत होते. दोन खोल्यांमधलं अंतर बारा फूट दिसतं, पण वायर भिंतीतून आरपार जात नाही. टेबलापासून छतापर्यंत वर ७ फूट, दोन भिंतींच्या कडेने १२ आणि १० फूट, टीव्हीपर्यंत खाली ६ फूट आणि जोडायला ३ फूट ढील. बेरीज ३८ फूट, म्हणजे साडेअकरा मीटरच्या वर! बारा फुटांची वायर घ्यायला निघालेल्या माणसाला बारा मीटरची लागते.

दुसरी अडचण भिंतीतल्या पाइपची. आपल्या घरांत कन्सील्ड पाइप बहुधा पाऊण इंची असतो. एचडीएमआयचं तोंड साधारण २० मिलिमीटर रुंद. ते त्या पाइपातून ओढताच येत नाही, कोपऱ्याच्या बेंडमध्ये तर नाहीच. आणि या वायरीला कापून पुन्हा तोंड बसवणं घरच्या घरी जमत नाही. मग भिंतीवरून केसिंगची पट्टी मारावी लागते.

यातून निघायला दोन वाटा आहेत. पहिली, ऑप्टिकल एचडीएमआय केबल. तिच्या तोंडातच एक चिप असते, ती विजेच्या संकेताचा प्रकाश करते आणि तो काचेच्या बारीक तंतूंमधून पलीकडे जातो. वीस-तीस मीटरही तिला सहज झेपतात. मात्र ती एकाच दिशेने चालते. एका टोकावर 'सोर्स' लिहिलेलं असतं, ते संगणकाला. दुसऱ्यावर 'डिस्प्ले', ते टीव्हीला. उलटी ओढून भिंत बुजवली की सगळं काम पुन्हा करावं लागतं. म्हणून पाइपात घालण्याआधी दोन्ही टोकं जोडून चित्र येतंय का ते बघाच. आणि तिला काटकोनात दुमडू नका, काच तुटते.

दुसरी वाट एक्स्टेंडरची: दोन छोटे डबे आणि मध्ये लॅनची वायर. एक डबा संगणकापाशी, एक टीव्हीपाशी. लॅनची वायर तोंडाशिवाय पाइपातून ओढता येते आणि तोंड नंतर क्रिंप करता येतं, हा मोठाच फायदा. या कामासाठी २०१० साली एचडीबेस-टी नावाची पद्धत पुढे आली. ती १०० मीटरपर्यंत चित्र नेते आणि सभागृहांत, शिकवणी वर्गांत वापरली जाते. घरासाठी स्वस्त एक्स्टेंडर मिळतात. त्यांतले बरेच थेट एका डब्यातून दुसऱ्या डब्यातच चालतात, त्यांची वायर राउटरला लावायची नसते. लॅनची वायर आहे म्हणजे नेटवर्कच असणार, हा समज इथे सोडून द्यावा लागतो.

३. झिणझिण्या आणि जळलेली खाच

या विषयावर लिहिणारे अनेकजण अर्थिंगबद्दल बोलत नाहीत आणि त्यापायी लोकांचे टीव्ही बिघडतात. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

संगणकाच्या पॉवर सप्लायमध्ये विजेतला खरखराट अर्थिंगच्या वायरीत सोडून देणारे लहान कपॅसिटर असतात. घराला नीट अर्थिंग असेल, तर कोणाला काही कळतही नाही. अर्थिंग नसेल, किंवा तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचा जुगाड केला असेल, तर तो खरखराट सोडायला जागा उरत नाही आणि कॅबिनेटच्या पत्र्यावर २३० व्होल्टच्या जवळपास निम्मा दाब येऊन बसतो. करंट अगदी थोडा असतो, म्हणून फक्त झिणझिण्या येतात. पत्र्याला टेस्टर लावला की त्यातला दिवा मंद लागतो.

आता दुसऱ्या खोलीतला टीव्ही बघा. त्याला केबलवाल्याची किंवा डिशची वायर जोडलेली. त्या वायरीची बाहेरची जाळी जिन्यातल्या अँप्लिफायरपर्यंत किंवा गच्चीवरच्या लोखंडापर्यंत गेलेली. म्हणजे टीव्हीचा पत्रा एका दाबावर, संगणकाचा पत्रा दुसऱ्या दाबावर. एचडीएमआयचं तोंड खाचेत शिरतं त्या क्षणी हा फरक त्या वायरीतून आणि खाचेमागच्या नाजूक चिपमधून वाट काढतो. कधी बारीक ठिणगी दिसते. टीव्ही चालू राहतो, पण ती खाच कायमची जाते.

म्हणून दोन्ही यंत्रांचे भिंतीवरचे स्विच बंद करा, नुसता रिमोट दाबून भागत नाही. केबलची किंवा डिशची गोल पिन काढा. मग एचडीएमआय जोडा, नंतर गोल पिन लावा आणि शेवटी वीज सुरू करा. झिणझिण्या येत असतील, तर आधी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. तो खर्च टीव्हीपेक्षा माणसासाठी आहे.

लॅनच्या वायरीला हा धोका बराच कमी असतो. तिच्या प्रत्येक खाचेमागे चिमुकले ट्रान्सफॉर्मर असतात. संकेत चुंबकाच्या वाटेने पलीकडे जातो, तारेची तारेला थेट गाठ पडत नाही. फाइलच्या वाटेने जाण्याचं हेही एक कारण.

४. फाइलची वाट: घरातलं नेटवर्क

"पण मग माझा इंटरनेटचा डेटा संपेल ना?" ही शंका जवळजवळ प्रत्येकाला येते. नाही संपत. फाइल संगणकातून राउटरमध्ये जाते आणि राउटरमधून टीव्हीत. घराचा उंबरठा ती ओलांडतच नाही. फायबरचं बिल भरलं नाही म्हणून इंटरनेट बंद पडलं, तरी ही सोय चालू राहू शकते. राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला सहसा १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता देतो. असे पत्ते घरांसाठी आणि कचेऱ्यांसाठी राखून ठेवलेले आहेत, बाहेरच्या जगात ते चालत नाहीत.

संगणकावर एक वाढपी बसवावा लागतो. त्याला सर्व्हर म्हणतात. विंडोजमध्ये 'मीडिया स्ट्रीमिंग' या नावाने एक आधीच असतो, फक्त चालू करायचा. पण मी सुचवीन जेलीफिन. २०१८ च्या डिसेंबरात सुरू झालेला हा प्रकल्प मोफत आणि मुक्त आहे. खातं उघडायला लागत नाही, जाहिराती नाहीत. संगणकावर जेलीफिन टाकून त्याला व्हिडिओचं फोल्डर दाखवायचं, टीव्हीवर त्याचं अॅप टाकायचं आणि संगणकाचा पत्ता द्यायचा, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५:८०९६. शेवटचे चार आकडे म्हणजे त्या संगणकावरचा जेलीफिनचा दरवाजा. पुढचं सगळं टीव्हीच्या रिमोटने होतं.

एवढीही खटपट नको असेल, तर अँड्रॉइड टीव्हीवर व्हीएलसी टाका. संगणकावर शेअर केलेलं फोल्डर ते थेट उघडतं. व्हीएलसीचा जन्मच या प्रश्नातून झालाय. १९९६ साली पॅरिसजवळच्या एकोल सांत्राल पारी या संस्थेतल्या विद्यार्थ्यांचं वसतिगृहाचं नेटवर्क फार मंद होतं आणि त्यांना नवं, वेगवान हवं होतं. त्यासाठी कारण आणि पैसा दोन्ही मिळवायचं, तर एक कल्पना पुढे आली: खोलीखोलीला वेगळी डिश लावण्याऐवजी एकाच डिशवरचे कार्यक्रम नेटवर्कवरून सगळ्या खोल्यांत न्यायचे. त्यासाठी त्यांनी पाठवणारा आणि दाखवणारा असे दोन प्रोग्रॅम लिहिले. दाखवणाऱ्याचं नाव व्हिडिओलॅन क्लायंट, म्हणजेच व्हीएलसी. २००१ साली तो सगळ्यांसाठी खुला झाला. विद्यार्थ्यांनी आपल्या खोल्यांसाठी केलेली ही सोय आज जगभरच्या संगणकांवर आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं.

५. वाय-फाय दोनदा धावतं

फाइल छोटी, मग अडकत का चालते? बहुतेक वेळा दोष वाय-फायचा असतो. राउटर दोन पट्ट्यांवर बोलतो. २.४ गिगाहर्ट्झचा आवाज भिंतीपलीकडे जातो, पण तिथे शेजारच्या सगळ्या घरांची गर्दी असते आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्टीवर खरखर करतो. ५ गिगाहर्ट्झची पट्टी वेगवान आणि मोकळी, पण विटांच्या दोन भिंती आणि एक आरसीसी कॉलम मध्ये आला की ती दमते.

त्यात एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. संगणकही वाय-फायवर आणि टीव्हीही वाय-फायवर असेल, तर प्रत्येक बिट हवेतून दोनदा जातो: एकदा संगणकाकडून राउटरकडे, मग राउटरकडून टीव्हीकडे. त्यामुळे हवेतली जागा दुप्पट खर्च होते. दोघांपैकी एकाला लॅनची वायर लावली, तरी भार निम्मा होतो. नवा राउटर घ्यायच्या आधी हे करून बघा, दहा मीटर वायरीत काम होतं.

वायर घेताना कॅट-६ घ्या आणि पूर्ण तांब्याचीच मागा. अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर स्वस्तात मिळते, पण क्रिंप करताना तुटते. तोंड बसवताना आठ तारांचा क्रम डावीकडून असा: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच. एखादी तार नीट बसली नाही, तर जोडणी बंद पडेलच असं नाही, पण गिगाबिटऐवजी १०० मेगाबिटवर उतरू शकते, कारण १०० मेगाबिटला आठांपैकी चारच तारा पुरतात. वायर कधीही विजेच्या वायरीच्या पाइपात घालू नका.

बऱ्याच टीव्हींची लॅनची खाच मुळातच १०० मेगाबिटची असते. साडेचार मेगाबिटच्या चित्रपटाला ती भरपूर झाली. पण लग्नाच्या कॅमेऱ्यातून निघालेली फोर-केची मूळ फाइल कधी कधी एकटीच सेकंदाला १०० मेगाबिट मागते. मग चित्रपट सुरळीत आणि घरचा व्हिडिओ मात्र अडखळतो. अशा वेळी टीव्ही राउटरजवळ असेल, तर त्याची लॅन काढून ५ गिगाहर्ट्झ वाय-फाय लावलेलं बरं. किंवा व्हिडिओग्राफरकडून एच.२६५ मध्ये बांधलेली फाइल मागून घ्या.

६. टीव्हीला संगणक दिसत नाही

वायर ठीक, राउटर ठीक, तरी टीव्हीच्या यादीत संगणक येत नाही. पहिल्यांदा विंडोजची नेटवर्क सेटिंग उघडा. तिथे 'पब्लिक' निवडलेलं असेल, तर विंडोज स्वतःला सगळ्यांपासून लपवतो, रेल्वे स्टेशनवरच्या वाय-फायवर लपवावं तसं. घरच्या नेटवर्कसाठी ते 'प्रायव्हेट' करा. मग टीव्ही 'गेस्ट' वाय-फायवर तर नाही ना, ते बघा. गेस्टवरच्या यंत्रांना राउटर सहसा घरातली इतर यंत्रं दिसू देत नाही. आणि अर्ध्या तासाने चित्रपट थांबत असेल, तर संगणक झोपतोय: पॉवरच्या सेटिंगमध्ये त्याची झोप बंद करा.

चित्र येतं पण आवाज नाही, असंही होतं. काही टीव्हींना डीटीएस पद्धतीचा आवाज उलगडता येत नाही. जेलीफिन तो आवाज संगणकावरच बदलून पाठवू शकतं.

मराठी सबटायटलच्या जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्हं दिसली, तर ती फाइल नोटपॅडमध्ये उघडून 'यूटीएफ-८' निवडून पुन्हा सेव्ह करा. तरीही वेलांट्या आणि जोडाक्षरं विस्कटली, तर दोष टीव्हीच्या अंगच्या प्लेअरचा आहे, त्याला देवनागरी जुळवता येत नाही. व्हीएलसी वापरून बघा, किंवा जेलीफिनला अक्षरं चित्रातच उमटवून पाठवायला सांगा. त्यात संगणकाला जास्त काम पडतं, पण वाचता येतं.

७. वायरीशिवाय चित्र, आणि हातातला माउस

विंडोजची खूण असलेली कळ आणि 'के' एकत्र दाबली की आसपासच्या टीव्हींची यादी येते. ही मिराकास्ट, २०१२ सालची पद्धत. संगणक आपलं चित्र क्षणोक्षणी बांधतो आणि हवेतून टीव्हीकडे सोडतो. बांधणं, पाठवणं, उलगडणं यांत थोडा वेळ जातो, म्हणून माउस हलवल्यावर टीव्हीवरचा बाण मागून येतो. फोटो, स्लाइड, ऑनलाइन वर्ग यांना चालतं. क्रिकेटच्या गेममध्ये मात्र बॅट फिरेपर्यंत चेंडू गेलेला असतो. गेमसाठी स्टीम लिंक किंवा मूनलाइट ही अॅप वापरावीत. उशीर कमी करण्यासाठीच ती बनवलेली आहेत. टीव्हीचा 'गेम मोड'ही चालू करावा.

फोनवरून यूट्यूब टीव्हीवर 'कास्ट' करतो ते वेगळं. तिथे फोन टीव्हीला फक्त पत्ता सांगतो आणि टीव्ही तो व्हिडिओ स्वतः इंटरनेटवरून आणतो. तिथे डेटा खर्च होतो.

तयार चित्र पाठवायचं ठरवलंत, मग ते वायरीतून असो वा हवेतून, तर आणखी एक सोय करावी लागते. चित्र हॉलमध्ये आलं, पण ते थांबवायला दरवेळी उठून आतल्या खोलीत जाणार का? बिनवायरीच्या माउसचा छोटा रिसीव्हर कॅबिनेटच्या मागे, पत्र्याच्या आडोशाला असतो आणि मध्ये भिंत. यूएसबीची एक्स्टेन्शन वायर घेऊन तो रिसीव्हर दाराच्या चौकटीशी आणून ठेवा. साध्या यूएसबी वायरीची मर्यादा ५ मीटर आहे, तेवढ्यात बहुधा जमतं. नाही जमलं तर केडीई कनेक्ट हे मोफत अॅप फोनवर आणि संगणकावर टाका, फोनचा पडदाच माउस होतो. टीव्हीवर डेस्कटॉपच्या कडा कापलेल्या दिसत असतील, तर टीव्हीच्या चित्राच्या सेटिंगमध्ये 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' शोधा आणि सोफ्यावरून वाचता यावं म्हणून विंडोजमधली अक्षरं दीडशे टक्के करा.